नग एक

१

सन दोन हजार सतरा, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. हिवाळा सरत आला होता. सकाळी स्वेटर हवासा वाटायचा आणि दुपारी तोच काखेत मारून हिंडावं लागायचं.

बहिणीचा फोन आला. माझ्या पाठची. तिला सगळे माई म्हणतात, मीही म्हणतो.

"दादा, पावत्या कोऱ्या येतायत."

"रोल उलटा घातला असशील."

"मी काय काल जन्मले?"

"मग हेड घाण झालं असेल. कापसानं पूस."

"पुसलं. तू येतोस, की फोनवरच शहाणपणा करत बसतोस?"

मी पिशवी उचलली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढे शाळेचं तोंड पाहिलं नाही, यंत्रांचं पाहिलं. आधी टाइपरायटर, मग हिशोबाची यंत्रं, मग ही पावत्यांची. सत्तरी उलटली तरी बाजारातले लोक अजून मलाच बोलावतात. मिस्त्री म्हणतात. दुरुस्त झालं नाही म्हणून मी कुणाच्या दारातून परत आलेलो नाही. बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं समजावं म्हणून सांगतो.

या प्रिंटरमध्ये शाई नसते. कागदाच्या एका बाजूला लेप असतो. छापणारं हेड तापतं, लेपाला चटका बसतो, चटका बसेल तिथं काळं उमटतं. रोल उलटा बसला की चटका बिनलेपाच्या बाजूला बसतो आणि काही उमटत नाही. म्हणून रोल घालण्याआधी त्यावर नखानं एक ओरखडा काढायचा. काळी रेघ उठली की ती बाजू सुलटी. एवढं एक ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं कळेल.

२

माईची लाँड्री म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, त्यावर संगणक आणि प्रिंटर. मधे दांडीवर टांगलेले कपडे, पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत. पंखा लावला की सगळे एकदम अंग चोरल्यासारखे हलतात. मागे वाफेच्या इस्त्रीचं टेबल आणि तिथं फौजदार. तो इस्त्रीवाला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घेतो म्हणून ते नाव पडलं.

डावीकडची भिंत शेजारच्या औषधाच्या दुकानाची. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. पावसाळ्यात वारले. तेव्हापासून शटर बंद. किल्ली पुतण्याकडे आणि पुतण्या परगावी.

"हॉटेलवाला सकाळी येऊन गेला," माई म्हणाली.

रस्त्यापलीकडच्या हॉटेलच्या चादरी आणि टॉवेल तिच्याकडे येतात. दुकान त्यावरच चालतं. मॅनेजर सांगून गेला होता की प्रत्येक गठ्ठ्याला छापील पावती लागेल, हातानं लिहिलेली वरच्या ऑफिसात चालत नाही. आज पावत्या आल्या नाहीत तर उद्यापासून काम दुसरीकडे.

"मग लेकाकडे जाशील," मी म्हटलं.

"जाऊन काय करू? खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघू? सून चहा आणून देईल आणि मी बघेन." तिनं काउंटरवर तळवा आपटला. "हे दुकान गेलं म्हणजे मीच गेले, दादा."

ती असं बोलते तेव्हा तिच्याशी वाद घालायचा नसतो. मी चष्मा लावला.

रोल काढला, नख ओढलं. काळी रेघ. सुलटा. हेड स्पिरिटनं पुसलं. हेडची पट्टीसारखी चपटी वायर काढून पुन्हा बसवली. मग बटण दाबून धरून यंत्र चालू केलं. असं केलं की ते स्वतःची परीक्षा देतं, आपलं नाव-गाव छापून दाखवतं. सगळं उमटलं. स्वच्छ, ठळक.

"झालं," मी म्हटलं. "छाप पावती."

माईनं गिऱ्हाईकाचं नाव टाकलं, कपडे टाकले, बटण दाबलं. कर्र. पावती बाहेर आली.

कोरी.

पुन्हा परीक्षा घेतली. उमटली. पुन्हा गिऱ्हाईक टाकलं. कोरी.

"यंत्राला स्वतःचं नाव येतं, दुसऱ्याचं येत नाही," फौजदार मागून म्हणाला. "आमच्या साडूसारखं."

मी संगणकाची वायर बदलली. गरमी वाढवली. शेवटी पिशवीतला माझा स्वतःचा प्रिंटर काढून जोडला. सकाळीच घरी त्यावर छापून बघितलं होतं. माईनं नाव टाकलं. कर्र. कोरी.

खरं सांगतो, मला आनंद झाला. पंधरा-वीस वर्षांत नवा आजार भेटला नव्हता. तेच उलटे रोल, तीच मळकी हेडं, त्याच त्या लोकांच्या त्याच त्या चुका. आणि आज हे! मी स्वेटर काढून दांडीवर टाकला. हात शिवशिवत होते.

"दादा, हसतोयस काय?"

"गप्प. अजून एक छाप."

तिनं छापली. कोरी आली आणि आमचं यंत्र थांबल्यावर डाव्या भिंतीतून बारीक आवाज आला. कर्र.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. मी लक्ष दिलं नाही.

३

कोऱ्या पावत्या मी काउंटरवर ओळीनं मांडल्या आणि उजेडात एकेक धरली.

प्रत्येकीवर रेघ होती.

बारीक, काळी, आडवी. खालच्या भागात, बेरीज जिथं येते त्याच्या जरा खाली. हेडची नव्हे. हेडची रेघ सरळ आणि बोथट असते. ही सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होती. नखाची.

"माई, पावत्यांवर नख कुणी ओढलं?"

"तूच ओढतोस ना."

"मी रोलच्या तोंडाशी ओढतो. एकदाच. ही प्रत्येक पावतीवर आहे."

"मला कशाला विचारतोस? माझी नखं बघ." साबणानं खाल्लेली, पार बोटाला लागलेली. तिनं दोन्ही हात पुढे धरले. फौजदारानंही न विचारता आपले धरले. वाफेनं मऊ पडलेली नखं. त्यांनी लोणीसुद्धा कापलं नसतं.

"एक छाप," मी म्हटलं. "कुणी हात लावू नका."

मी डोळे यंत्राच्या तोंडाशी नेले. नाक जवळजवळ टेकलं. कर्र सुरू झालं. पांढरा कागद पुढे सरकला, बोटभर, दोन बोटं, आणि मग यंत्राच्या आतून रेघ बाहेर येऊ लागली. ओढून झालेली नव्हती. ओढली जात होती. कागद पुढे सरकत असताना रेघ आडवी वाढत होती, डावीकडून उजवीकडे, सावकाश, दाबून. उजव्या टोकाला जराशी उचलल्यासारखी झाली आणि संपली.

आत हेड आणि रबरी रूळ यांच्यात कागदाच्या जाडीएवढी जागा असते. तिथं मुंगी मावत नाही.

मी यंत्र उघडलं. आत काही नव्हतं. उघडून पुन्हा बघितलं. माझी छाती धडधडत होती आणि ते भीतीनं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. कुलूप हाताला लागलं की किल्लीवाल्याला जे वाटतं ते वाटत होतं.

"अण्णा असंच करायचे," फौजदार मागून म्हणाला.

"काय?"

"औषध दिलं की पावतीवर बेरजेखाली नख ओढायचे. म्हणजे तपासलं. आमच्या घरी खोकल्याच्या औषधाच्या पावत्या आहेत, सगळ्यांवर रेघ." त्यानं इस्त्री उभी ठेवली. "पण अण्णा तर गेले. मग हे कोण? काय संबंध? कधीपासून?"

"तू तपास नंतर कर," माई म्हणाली. "आधी त्या चादरी संपव."

ती नेहमीसारखं बोलली. पण भिंतीकडे पाठ करून उभी राहिली होती ती तिथून बाजूला झाली.

४

दुपारी शाळेतल्या बाई आल्या. माईचं जुनं गिऱ्हाईक. अंगात करडा लोकरी कोट होता.

"माई, कोट झकास केलात हो. कॉफीचा डाग होता हे सांगूनही कुणाला खरं वाटणार नाही. म्हटलं जाता जाता सांगावं."

माई कोटाकडे बघत राहिली.

"तो… तो तुम्ही कधी नेलात?"

"आत्ताच की. जेवायच्या सुट्टीत."

"कुणी दिला?"

"शेजारून घेतला. तुमच्याकडे कुणी दिसेना, आणि त्या काकांनी आतून हाक मारली. नाव विचारलं आणि दिला." बाईंनी पर्स उघडली. "पावतीसुद्धा दिली."

पावती मी घेतली. माईच्या दुकानाचं नाव. बाईंचं नाव. कोट, लोकरी, नग एक. सगळं ठळक, काळंभोर, जसं उमटायला हवं तसं. खाली बेरीज. बेरजेखाली नखाची रेघ.

ही पावती सकाळी आम्हीच छापली होती. आमच्याकडे ती कोरी आली होती. काउंटरवर पडलेली होती, मी नंतर पुन्हा पाहिली.

"काका दिसायला कसे होते?" फौजदार विचारत होता. "चष्मा? उंची? मिशी?"

"आत अंधार होता हो. हात तेवढा पाहिला. का? काही चुकलं का माझं?"

"काही नाही," माई म्हणाली. "कोट छान दिसतो तुम्हाला."

बाई गेल्या. आम्ही तिघंही दांडीपाशी गेलो. करड्या कोटाची पिशवी जागेवर होती. बंद, तळाशी गाठ मारलेली, पिन लावलेली. आत हँगर होता. कोट नव्हता. हँगर अजून हलत होता आणि पंखा बंद होता.

मी बाहेर जाऊन शेजारचं शटर पाहिलं. कुलपावर गंज. कुलपावर कोळ्याचं जाळं, अखंड. मी परत आलो.

"ज्याची पावती तिकडे छापते," मी म्हटलं, "तो नग तिकडे जातो."

हे वाक्य मी मोठ्यानं बोललो. तोंडातून निघाल्यावर मला ते ऐकू आलं.

५

शहाण्या माणसानं तिथंच यंत्र बंद केलं असतं. पण मी शोधाच्या भरात होतो. दोष कुठं आहे ते कळत चाललं होतं. अजून एकदा, फक्त एकदा मला ऐकायचं होतं की कुठली कर्र आधी आणि कुठली नंतर.

"एक पावती छाप. गिऱ्हाईकाची नको, उगीच कुणाचा कपडा जायला नको. काहीही टाक. मी भिंतीला कान लावतो."

"काहीही म्हणजे काय टाकू?"

"तुमचंच नाव टाका," फौजदार म्हणाला. वातावरण हलकं करायला म्हणाला, बिचारा. "गिऱ्हाईकाचं नाव माई. नग एक. नाहीतरी तुमच्यासारखा नग दुसरा नाही."

"तू आहेस की," माई म्हणाली आणि हसली. आम्ही सगळेच हसलो. सकाळपासून पहिल्यांदा. आणि हसता हसता तिनं टाइप केलं. मी भिंतीला कान लावला.

मला कळायला हवं होतं. वाक्य माझंच होतं.

आमचं यंत्र वाजलं. कोरा कागद. मग भिंतीपलीकडे, अगदी माझ्या कानाशी, ते यंत्र वाजलं. कर्र. मग कागद फाडल्याचा आवाज. मग नख. नख कागदावरून ओढल्याचा आवाज किती बारीक असतो ते ठाऊक आहे मला. वीत-दीड वीत जाडीच्या भिंतीतून तो ऐकू येत नाही. मला आला.

मी कान काढला. माई संगणकाकडे बघत होती. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं.

"दादा, यात परत द्यायची वेळ आपोआप पडते रे. मी बदलायची विसरले."

"काय पडली?"

"आज. दिवेलागणीला."

बाहेर ऊन भिंतीवरून अर्धं उतरलं होतं.

६

मी संगणकातून ती पावती रद्द केली. रद्द झाली असं पडद्यावर दिसलं. भिंतीपलीकडे काही वाजलं नाही, म्हणजे तिकडची तशीच होती.

"मला काही होत नाहीये," माई म्हणाली. "तू असं बघू नकोस माझ्याकडे."

तिला खरंच काही होत नव्हतं. ती नेहमीसारखी कामाला लागली. चादरी मोजल्या, टॉवेल घडी केले. फक्त थोड्या वेळानं मी वर पाहिलं तर ती आपली शाल घडी करत होती. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, गिऱ्हाईकाची करते तशी. मग तिनं शाल पिशवीत घातली. पिशवीच्या तळाशी गाठ मारली. चष्मा पुसून वर ठेवला. आतल्या चपला काढून बाहेरच्या घातल्या.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाही." ती स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, दाराकडे तोंड करून. "कुणीतरी न्यायला येणार असं वाटतंय. तयार असलेलं बरं. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नये."

फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही विचारलं नाही.

मी बाहेर पाहिलं. शेजारच्या बंद शटरसमोर एक गृहस्थ उभा होता. साधा. हातात कापडी पिशवी. आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत उभं राहतात तसा.

मी दारात गेलो. "कुणाकडे काम आहे?"

"काही नाही," तो म्हणाला. शटरकडेच बघत होता. "एक नग न्यायचाय."

"दुकान बंद आहे."

"उघडेल," तो म्हणाला. अदबीनं. "दिवे लागले की."

मी आत आलो. डोकं चालत होतं, आणि इतकं वेगानं की मलाच दम लागला. दोष यंत्रात नाही. कागदात नाही. वायरीत नाही. मग उरलं काय? उरलं ते माणसात. आयुष्यभर हेच केलं आहे. एकेक कारण काढून टाकायचं. शेवटी जे उरतं ते कितीही वेडगळ दिसलं तरी त्यालाच हात घालायचा.

"माई. अण्णांचं तुझ्याकडे काही राहिलंय का?"

"नाही."

"आठव."

"एक रोल उसना आणला होता. पावसाळ्याआधी. आमचा संपला होता, गर्दी होती. अण्णा म्हणाले, ने, पण उसना म्हणजे उसना, जसा नेला तसा आणून द्यायचा. पण तो मी दिला परत."

"कधी?"

"थोड्या दिवसांनी. त्यांच्या हातात दिला. उलट त्यानंतरच त्यांचं डोकं बिघडलं." ती दाराकडे बघत सावकाश बोलत होती. "माझ्याकडे आले होते एकदा. हातात कोरी पावती. काही बोलेनात. तोंड जरा वाकडं झालं होतं, जीभ वळत नव्हती. माझ्यासमोर पावती धरायचे आणि तिच्यावर नख ओढायचे. पुन्हा ओढायचे. मी म्हटलं, अण्णा, घरी जा, आराम करा. मग पुतण्या आला, त्यालाही तसंच दाखवायला लागले. त्याला वाटलं म्हातारा संपला. शटर लावून घेऊन गेला. तिकडेच वारले."

"कुठला रोल दिला होतास?"

"होता पडलेला. त्या वरच्या खोक्यातला. नवा कोरा होता, सील न फोडलेला."

फळीवर खोकं होतं. मी स्टूल ओढलं, वर चढलो, खोकं खाली घेतलं. आत अजून तसलेच रोल होते. पांढरे, गुळगुळीत, त्याच मापाचे. मी एकाचं सील फोडलं आणि नख ओढलं.

काही नाही.

उलटी बाजू केली. नख ओढलं, दाबून, कागद फाटेपर्यंत.

काही नाही.

साधा कागद. पूर्वी शाईच्या पट्टीची यंत्रं असायची, त्यांचा. लेपाचा आणि हा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. फक्त नखाला कळतो.

"सापडला!" मी ओरडलो. काय करू, ओरडलोच. सवय. दोष सापडला की मी ओरडतो. फौजदार दचकला आणि इस्त्रीनं वाफेचा फुत्कार सोडला.

मग हातातल्या कागदावर नखाचे पांढरे वळ दिसले, काळ्या रेघेसाठी ओढलेले आणि न उमटलेले, आणि मला अण्णांचा हात दिसला. ते वेडे झाले नव्हते. ते दाखवत होते.

समोरच्या हॉटेलची पाटी लुकलुकली आणि लागली. मग पलीकडच्या दुकानाचा दिवा.

माई उठली.

७

"फौजदार, तिला धर. दारातून बाहेर जाऊ देऊ नको. काहीही म्हणाली तरी."

"काय म्हणतील?"

"धर!"

मी माझ्या पिशवीतला लेपाचा रोल काढला. नवा. धावत बाहेर आलो. तो गृहस्थ अजून उभा होता, आता एक पाऊल पुढे. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. शटरखालची फरशी एका कोपऱ्यात खचली आहे, तिथं हात जाईल एवढी फट आहे. मी गुडघे टेकले. गुडघ्यांना जे म्हणायचं ते त्यांनी म्हटलं. गाल फरशीला लावला आणि एका डोळ्यानं आत पाहिलं.

आत अंधार असायला हवा होता. पांढुरकं होतं. कागद. पावत्यांची पट्टी, वेटोळी घालत साचलेली, सगळी जमीन झाकलेली, काउंटरच्या पायापर्यंत. औषधाचा जुना वास. आणि कुणीतरी उभं असतं तेव्हा खोली जशी भरलेली वाटते तशी ती भरलेली होती.

मी रोलवर नख ओढलं. काळी रेघ उठली. मग रोल तळव्यावर घेतला आणि हात आत घातला. कोपरापर्यंत.

"अण्णा," मी म्हटलं, "बघून घ्या."

मागे आमच्या दारातून माईचा आवाज आला, अगदी शांत. "सोड ना रे. माणूस उभा आहे बाहेर."

माझ्या तळव्यावर रोल किंचित दबला.

एक अंगठा होता. मला तेवढाच दिसला. नख नीट कापलेलं, स्वच्छ, औषधवाल्याचं. माझ्या रेघेवर विश्वास न ठेवता ते वेगळ्या जागी टेकलं आणि डावीकडून उजवीकडे गेलं. सावकाश. दाब माझ्या तळव्याला रोलमधून कळत होता. थंड होता, बाटली असते तसा. कागदावर काळी रेघ उठली.

अंगठा थांबला.

मग त्याच रेघेखाली त्यानं आणखी एक ओढली. तीही उठली.

तळव्यावरचं वजन गेलं. मी हात काढला नाही. काढता आला नसता. आत यंत्राचं झाकण बंद झाल्याचा टक् आवाज झाला. तो मी झोपेतही ओळखीन. मग कर्र. मग फाडल्याचा आवाज. मग माझ्या तळव्यावर कागद ठेवला गेला आणि बोटांनी माझी बोटं त्यावर मिटवली.

मी बाहेर आलो आणि फरशीवर बसलो. तो गृहस्थ तिथं नव्हता. रस्ता दोन्ही बाजूंना सरळ आणि मोकळा होता आणि सगळे दिवे लागले होते.

मूठ उघडली. दोन कागद होते. एक दुपारचा, अजून कोमट. माईचं नाव. नग एक. बेरजेखाली रेघ. दुसरा आत्ताच छापलेला. त्यावर नाव नव्हतं, बेरीज नव्हती. एवढंच होतं: रोल, नग एक, मिळाला.

आतून माई फौजदारावर तडकलेली ऐकू आली. "माझा दंड सोड मेल्या, काळानिळा केलास! आणि माझी शाल कुणी बांधून ठेवली?"

मी आत गेलो. हॉटेलचे गठ्ठे छापले. एकेक पावती काळीभोर उमटली, आणि एकीवरही रेघ नव्हती. ते फळीवरचं खोकं मी माझ्या पिशवीत घातलं. माईनं विचारलं, कशाला. मी म्हटलं, माझ्याकडे असू दे.

उसना रोल परत गेला.